हाताखालची पोरं

बँड ठरवायला आलेला माणूस मास्तरला तीनच गोष्टी विचारतो: माणसं किती, ड्रेस कुठला आणि सुपारी केवढी. ही माणसं वाजवायला शिकली कुणाकडे, हे विचारायचं त्याला कारण नसतं. हळदीच्या मांडवात सूर जागेवर लागला, पाहुण्यांचे पाय उचलले गेले, की त्याचे पैसे वसूल. रेवस-मांडव्यापासून अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरूड करत दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरापर्यंत आणि वर उरणच्या करंजात बँडच्या नि बेंजो पार्टीच्या पाट्या वळणावळणावर दिसतात. पाटीवर मोबाइल नंबर असतो, बँडचं नाव असतं, बहुतेक वेळा ग्रामदेवतेचं. मास्तरचं नाव असलंच तर खाली, बारीक अक्षरात. पुढची पानं त्या बारीक अक्षरातल्या माणसाविषयी आहेत.

त्याला आपण पाहतो ते मिरवणुकीत. वरातीपुढे उलट्या पावलांनी चालणारा, एका हाताने ट्रम्पेटवाल्यांना थांबवणारा, दुसऱ्या हाताने साइड ड्रमला खुणावणारा, खांद्यावर सोनेरी झालर. हे बघण्यासारखं असतं यात वाद नाही, पण तो त्याच्या कारकिर्दीचा दिखाऊ भाग झाला. उभी हयात या धंद्यात घालवलेल्या माणसाकडे शेवटी काय राहतं याचा हिशेब मांडला, तर वाद्यं झिजून भंगारात गेलेली असतात, ड्रेस कितीदा तरी बदललेले असतात आणि पैसा आला तसा गेलेला असतो. राहतात ती हाताखालून गेलेली पोरं. त्यांतलीच बरीचशी पुढे स्वतःची पाटी लावतात आणि त्याच्या पोटावर पाय देतात. तरीही पुढच्या पावसाळ्यात तो नवी पोरं घेतो. का घेतो, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

पावसाळा म्हटलं, कारण शिकवण्याचा हंगाम तोच. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि मधला पौष सोडला तर ज्येष्ठापर्यंत चालतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मांडव मिटले. नेमक्या त्याच सुमाराला, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, यांत्रिक बोटींची मासेमारी सरकारी हुकमाने बंद असते. बोटी वर ओढून शाकारलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि कोळीवाड्यातली उमेदीची पोरं घरात. किनाऱ्यावरच्या बँडची तालीम या दोन महिन्यांत होते. आगऱ्या-कुणब्यांच्या पोरांचं गणित जरा वेगळं, त्यांना जुलैत भातलावणी असते. ती दिवसभर चिखलात वाकून येतात आणि दिवेलागणीनंतर क्लॅरिनेट धरतात. कंबर मोडलेल्या पोराला ताठ बसून दम धरायला सांगणं हे कसं काम आहे, ते मास्तरलाच विचारावं.

मग ओळीने परीक्षा येतात. पहिली नारळी पौर्णिमेला. मिरवणूक कोळीवाड्यातून धक्क्यापर्यंत, म्हणजे रस्ता आखूड, आणि ऐकणारे सगळे घरचे. चुकलं तरी चालतं. दुसरी गणपतीत. तिथे रस्ता लांब, वेळ लांब, शिवाय पाऊस केव्हाही पडतो. तिसरी कार्तिकात, पहिल्या तिथीला, परक्या गावात, पैसे घेऊन. या तिसऱ्या परीक्षेला मास्तर नव्या पोराला मागच्या रांगेत उभं करतो आणि सांगतो, नाही जमलं तर नुसते गाल फुगव, फुंकू नकोस. चुकीच्या सुरापेक्षा गप्प पोर बरं, हा या शाळेचा पहिला नियम.

शिकवतात कसं, हे बाहेरच्याला सहसा दिसत नाही. मुरूडच्या बाजूला एका मास्तरांच्या पडवीत मला ते बघायला मिळालं. नव्या पोराच्या हातात ट्रम्पेट देत नाहीत, नुसता माउथपीस देतात. ओठ दाबून त्यात फुरफुर करायची, दुसरं काही नाही. आठवड्याभराने ट्रम्पेट मिळतो, पण कळा दाबायला मनाई. ट्रम्पेटला तीन कळा. एकही न दाबता नुसत्या ओठांच्या ताणाने सा निघतो, त्यावरचा प निघतो, वरचा सा आणि त्याच्या वरचा गही निघतो. पोराला वाटतं, सूर बोटांत असतात. ते ओठांत आणि पोटात असतात हे पटेपर्यंत बोटं बांधून ठेवायची, अशी ही रीत. क्लॅरिनेटवाल्याची अडचण निराळी. घरात बासरी फुंकलेला मुलगा क्लॅरिनेटला आला की हमखास गोंधळतो. बासरीत बोटं तशीच ठेवून फुंक वाढवली की वरच्या सप्तकातला तोच सूर येतो. क्लॅरिनेटला अंगठ्यामागची कळ दाबली तर सा-च्या जागी वरचा सा येत नाही, थेट त्याच्या पुढचा प येतो. म्हणजे वरच्या सप्तकाची बोटं नव्याने पाठ करायची. यात महिना जातो आणि याच महिन्यात निम्मी पोरं गळतात.

याहून अवघड भाग मास्तरच्या स्वतःच्या डोक्यात चालतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम ही बी-फ्लॅटची वाद्यं, म्हणजे पेटीच्या भाषेत त्यांचा सा काळी पाचला. आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, त्याचा सा काळी दोनला. एकच चाल दोघांनी एकत्र वाजवायची तर क्लॅरिनेटवाला जिथे सा धरतो तिथे आल्टोवाल्याने आपल्या वाद्यावरचा प धरायचा. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला सांगून भागत नाही. संगीताच्या वर्गात हा विषय शिकवायला फळा लागेल. इथे मास्तर बोटांवर मोजतो आणि आल्टोवाल्या पोराला म्हणतो, ‘तुझा पंचम म्हणजे त्याचा षड्ज, येवढं ध्यानात ठेव, बाकी सगलं आपोआप येतं.’ आपोआप काही येत नाही, पण हे वाक्य पोराला धीर देतं.

आणि शब्द. बँडमध्ये गाणारा नसतो, तरी मास्तर आधी गाणं तोंडपाठ करायला लावतो. ‘मी डोलकर’ घ्या. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल. या किनाऱ्यावर असा बँड नसेल ज्याने ते वाजवलं नाही. पोरं चाल उचलतात ती कानाने, पण श्वास घेतात वाटेल तिथे, शब्दाच्या मध्ये. ऐकणाऱ्याच्या मनात शब्द चालू असतात, त्यामुळे तिथे खड्डा पडतो. म्हणून ‘आधी बोल, मंग वाजव.’ हे ऐकताना मला यशवंत देव आठवले. ते १९२६ साली पेणला जन्मले, म्हणजे याच रायगड जिल्ह्यातले. आकाशवाणीतलं काम आणि संगीत दिग्दर्शन सांभाळून त्यांनी सुगम संगीताची शिबिरं घेतली, ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि शब्द नीट कळल्याशिवाय सूर लावू नका, हे शेकडो गाणाऱ्यांच्या गळी उतरवलं. पडवीतल्या मास्तरांनी ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. गाणाऱ्याला जे सांगावं लागतं तेच फुंकणाऱ्यालाही सांगावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

वाद्यांची निगा हाही शिकवणीचाच भाग आहे. खाऱ्या हवेत पितळ कळकतं. घरातल्या तांब्या-पितळेसारखं चिंचेने घासलं तर ते लखलखतं खरं, पण कळेच्या फटीत चिंचेचा अंश राहिला की पिस्टन अडकतो, आणि तोही नेमका वरातीत. म्हणून पोरांना वाद्य खोलून, पुसून, तेल देऊन पुन्हा जोडायला शिकवतात. पावसात क्लॅरिनेटचे पॅड फुगतात, रीड वाकते, चामड्याची पानं ढिली पडून ढोल ठस्स वाजतो. जुनी माणसं ढोल जाळावर शेकत. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची पानं आली, शेकायचं काम संपलं.

ही वाद्यं इथे आली कशी, याविषयी रेवदंड्याच्या आसपास एक आख्यायिका हटकून ऐकू येते: पोर्तुगीजांनी आणली. समोर कोर्लईचा किल्ला, पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीज वळणाची बोली, चर्च, चर्चमधलं गाणं. मन तिकडे ओढ घेतं, पण तारखा जुळत नाहीत. पोर्तुगीजांनी रेवदंडा-चौल सोडलं १७४० साली. कळा असलेल्या ट्रम्पेटचं पेटंट प्रशियात निघालं १८१८ साली आणि सॅक्सोफोनचं पॅरिसमध्ये १८४६ साली. आजच्या बँडचा वंश इंग्रजी पलटणीच्या बँडकडे जातो. पलटणीतून निघालेल्या बँडवाल्यांनी गावोगाव आपापले ताफे उभे केले आणि पलटणीच्याच एका बँडमास्तरने, नादिर अली यांनी, १८८५ साली मेरठला वाद्यांचा व्यवसाय सुरू केला. मेरठच्या जाली कोठी भागातून आजही देशभर ट्रम्पेट आणि युफोनियम जातात. किनाऱ्यावरच्या बऱ्याच मास्तरांची पहिली खरेदी तिथलीच, अनेकदा दुसऱ्या बँडने वापरून टाकलेली.

पोर्तुगीजांचा वारसा शोधायचाच तर तो गोव्यात शोधावा, आणि वाद्यांपेक्षा शिकवण्याच्या पद्धतीत. तिथे चर्चला जोडलेल्या शाळेत गावचा मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकवी, व्हायोलिन हातात देई, पाच रेघांची स्वरलिपी वाचायला लावी आणि सणाला गावचा बँडही तोच चालवी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतले. १९२७चा जन्म. मुंबईच्या सिनेमासंगीतात वादक आणि संयोजक म्हणून त्यांचं नाव झालं, त्यांच्याकडे पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९५८ साली त्यांनी भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा मोठा खटाटोप केला. गोव्याच्या मेस्त्रीच्या हाताखालून निघालेला मुलगा कागद वाचू शकत होता, म्हणून त्याला मुंबईच्या स्टुडिओत काम मिळालं. रायगडच्या मास्तरचा मुलगा तितकाच सुरेल असला तरी स्टुडिओच्या दारातून परत यायचा, कारण त्याच्याकडे होती शंभर पानी वही, तिच्यात सा रे ग म, वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब आणि मास्तरच्या काही खासगी खुणा, ज्या दुसऱ्या बँडच्या माणसालाही लागत नाहीत. अशा वह्यांची काही पानं या पुस्तकात जशीच्या तशी छापली आहेत. वाचता आली नाहीत तर वाचकाचा दोष नाही.

तिसरा धागा संगीतशाळेचा. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलिपी बनवली आणि घराण्याबाहेरच्या मुलांना शिकवलं. विष्णू दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते राजाच्या नव्हे, लोकांच्या पैशावर. त्यातूनच पुढे परीक्षा आल्या, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत, आणि अलिबाग-पेणच्या मुलीसुद्धा पेटीवर भूप बसवून प्रमाणपत्रं घेऊ लागल्या. बँडवाल्याचं शिक्षण या प्रवाहाच्या शेजारून वाहिलं, त्यात मिसळलं नाही. त्याला परीक्षक मिळाला तो रस्त्यावरचा.

का मिसळलं नाही, याचं उत्तर संगीतात सापडत नाही. पितळी बँडच्या आधी किनाऱ्याच्या दक्षिण भागात, श्रीवर्धन-म्हसळ्याकडे, खालूबाजा होता आणि आजही आहे: सनई, ढोल, टिमकी, झांज. शिमग्याच्या पालखीपुढे तो असायचाच. पण गावकीत कुणी वाजवायचं हे जन्माने ठरलेलं होतं. वाजंत्र्याला मान होता तो वाजवत असेपर्यंत. पंगतीची वेळ झाली की त्याची जागा कुठे, हे त्याला सांगावं लागत नसे. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला मार्च १९२७मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि त्यांनी जन्माने गळ्यात पडलेली हीन कामं टाकून द्या, असं सांगितलं. १९५६च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रात अनेक गावांत बौद्ध मंडळींनी गावकीचं वाजवणं ठरवून सोडलं. ते सोडणं समजून न घेता ‘लोककला लोपली’ म्हणून हळहळणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत वाजवणाऱ्याचं म्हणणं क्वचितच सापडतं.

बँडने इथे एक फट पाडली. बँड हे बलुतं नव्हे, ती सुपारी. तारीख ठरते, रक्कम ठरते, आगाऊ पैसे येतात आणि नको असेल तर नाही म्हणता येतं. शहरातले लोक बँडवाल्याच्या लाल कोटाला आणि बटणांना हसतात. ज्या माणसाच्या आजोबाला वाजवायला जाताना अंगात काय घालावं याचीही मुभा नव्हती, त्याला तो कोट हास्यास्पद वाटत नाही. म्हणून १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत हेच बँड वेगळ्या तोऱ्यात वाजतात. जात त्यामुळे संपली असं मात्र कुणी समजू नये. कुठल्या आळीत कुठला बँड बोलवायचा, हे अजून काही गावांत आडनाव बघून ठरतं.

आता पोटावर पाय देणाऱ्या पोरांकडे येतो. ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडवर २००५ साली ‘ब्रास बाजा’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यात भेटणारे पुष्कळ वादक हंगामापुरते गाव सोडून शहरातल्या बँडमालकाकडे येणारे आहेत. इथलं चित्र तसं नाही. इथला क्लॅरिनेटवाला त्याच गावचा, एरवी बोटीवर, रिक्षावर, कंपनीत किंवा वाडीत काम करणारा. मास्तरचा त्याच्यावर मालकासारखा धाक चालत नाही. चार हंगाम वाजवल्यावर त्याला वाटतं, मी पुढच्या रांगेत, पोरी माझ्याकडे बघतात, मग निम्मे पैसे मास्तरला का? तो दोघा-तिघांना फोडतो, कर्ज काढून ड्रम घेतो आणि पलीकडच्या आळीत पाटी लावतो.

मास्तर चिडतो. वर्ष-दोन वर्षं बोलणं बंद राहतं. मग वैशाखातली एखादी दाट तिथी येते. कालनिर्णय उघडून बघा: काही आठवडे मुहूर्तच नाही आणि मग एकाच दिवशी पंचक्रोशीत पाच लग्नं. त्या दिवशी प्रत्येक बँडला एकवीस माणसं हवी असतात आणि प्रत्येकाकडे असतात बारा. उरलेली आणायची कुठून? परका वादक आणला तर त्याच्या वहीतल्या खुणा वेगळ्या, ठेका वेगळा, गाण्यातली वळणं वेगळी. एकाच मास्तरकडे शिकलेली पोरं मात्र पाच बँडांत विखुरलेली असली तरी एकमेकांत सरावाशिवाय मिसळतात. म्हणून फुटून गेलेला चेला तिथीच्या आदल्या रात्री फोन करतो, ‘मास्तर, दोन ट्रम्पेट देता का?’ आणि मास्तर देतो, कारण पुढच्या तिथीला त्याला आल्टो लागणार असतो. शिकवल्याने प्रतिस्पर्धी तयार होतात हे खरं. पण न शिकवल्याने दाट तिथीला हात कमी पडतात, हे जास्त खरं. काही मास्तर हातचं राखून शिकवतात, एखादं वळण, एखादा तुकडा फक्त मुलाला किंवा पुतण्याला देतात. अशांचे बँड मी एका पिढीपलीकडे टिकलेले पाहिले नाहीत. सढळ हाताने शिकवणाऱ्याचा बँड फुटतो आणि फुटून वाढतो.

बेंजोविषयी थोडं बोलायला हवं, कारण किनाऱ्यावरच्या तरुणांना बँड म्हटलं की आता तोच आठवतो. बटणं दाबून तारा छेडायचं हे वाद्य मुळात १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवलं, तिथे त्याला तैशोगोतो म्हणतात. आपल्याकडे ते बुलबुल तरंग म्हणून आलं आणि मुंबई-कोकणात बेंजो झालं. त्याला पिकअप लावला, अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, सोबत कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी घेतली की पार्टी तयार. त्यातली हळदीची गाणी आणि तिचा तो दणदणीत वरळी बीट मला मनापासून आवडतो. बेंजोने बँडची वाट लावली असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण एक हिशेब त्यांच्याही बाजूचा आहे. पितळी बँडमध्ये चाल वाजवायला सहा-आठ माणसं लागतात, कारण रस्त्यावर आवाज पोचायला हवा. बेंजोला अ‍ॅम्प्लिफायर आहे, चाल एकटा माणूस सांभाळतो. म्हणजे पावसाळ्यात सहा पोरांना सूर शिकवायची गरज होती, ती एकावर आली. ठेक्याची पोरं वाढली, सुराची घटली. आणि डीजे आला तिथे तीही उरली नाहीत. बँड ऐकायला मिळत नाही म्हणून हळहळायचं तर जरूर हळहळावं, पण बंद पडतो तो तालमीचा वर्ग, हे आधी ध्यानात घ्यावं.

कायद्याचाही परिणाम झाला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले. राज्याला वर्षातले फार तर १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते. २०१०च्या दुरुस्तीत वाद्यांचाही उल्लेख आला. पूर्वी हळद पहाटेपर्यंत चाले, वाजवणाऱ्याचे ओठ सुजत. आता निदान कागदावर तरी दहाला थांबायचं असतं. मग २०२० आलं. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, चैत्र-वैशाखातल्या सगळ्या सुपाऱ्या परत गेल्या, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरकडे पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. ज्या पडवीत तालीम व्हायची तिथे छप्पर नव्हतं. त्या पावसाळ्यात कुठेच नवी पोरं बसली नाहीत, आणि तेव्हा तुटलेली वीण अजून नीट सांधलेली नाही, असं बरेच जण सांगतात.

शाळांनी या माणसांचा उपयोग करून घ्यावा, ही सूचना नवी नाही. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आले की शाळा बँडमास्तरला बोलावतातच: आठवडाभरात पोरांकडून ड्रम-बिगुलावर संचलनाचा ठेका बसवून द्या. तो देतो, शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तिथे कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावेत, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण नेमणूक म्हटली की पात्रतेचा कागद आला. ज्याच्या हाताखालून शंभर पोरं गेली त्याच्याकडे तो नसतो, आणि ज्याच्याकडे असतो त्याला ट्रम्पेटची कळ खोलता येत नाही. मला स्वतःला सगळे मास्तर शाळेत बसवावेत असं वाटत नाही. काही मास्तर शिवीशिवाय शिकवू शकत नाहीत. पण चार-पाच जण तरी असे आहेत की ज्यांना वर्ग दिला तर तालुक्याचा सूर सुधारेल.

पुस्तक वाचताना एक गोष्ट सांभाळावी. यातले मास्तर एकमेकांविषयी बरंच बोलले आहेत आणि त्यातलं सगळं खरं नाही. पहिला ट्रम्पेट कुणी आणला, कुठलं गाणं आधी कुणी बसवलं, यावर तीन गावांचे तीन दावे आहेत. ते तसेच ठेवले आहेत.

एक मोठी उणीव मात्र सांगून टाकतो. यात बाई मास्तर एकही नाही. ढोल-ताशा पथकांत मुली आता सगळीकडे दिसतात, शाळेच्या बँडमध्ये तर त्याच पुढे असतात. लग्नाच्या बँडमध्ये नसतात. दमाचं कारण कुणी दिलं नाही. सगळ्यांनी कारण दिलं ते परतीचं: अपरात्री टेम्पोच्या मागच्या भागात ड्रमवर बसून तीस-चाळीस किलोमीटर घरी यायचं. रात्री दहाची मर्यादा खरोखर पाळली गेली तर हे कारण उरणार नाही, असं त्या पडवीतल्या मास्तरांचं म्हणणं पडलं. त्यांची मुलगी दहावीत आहे, आल्टो वाजवते आणि यंदा नारळी पौर्णिमेला उभी राहणार म्हणते. परवानगीचा प्रश्न मिटला आहे. प चढा लावते, ही तक्रार तेवढी शिल्लक आहे.